छंदाचा अभ्यासक्रम

यूपीएससीच्या एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५. आयोग तिला ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो. म्हणजे व्यक्तिमत्त्व आधी तयार करून न्यावं लागतं. ती सोय पुण्यात, सदाशिव पेठेत होते. अर्जात ‘छंद : गिर्यारोहण’ असं भरून बसलेला मुलगा तिथे कळसूबाईची उंची १६४६ मीटर, वाटेतल्या लोखंडी शिड्या, पायथ्याचं बारी गाव, सगळं घोकतो. चढायला वेळ कुठला? मॉक मुलाखती असतात ना! तिथले निवृत्त साहेब सांगतात, ‘‘नैसर्गिक राहा,’’ आणि लगेच हात कुठे ठेवायचे, हसायचं किती, तेही सांगतात. टाय मित्राचा, गाठ यूट्यूबची.

खरा अभ्यास मात्र दिल्लीत आयोगाच्या धोलपूर हाउसमधून बाहेर पडल्यावर सुरू होतो. अध्यक्षांनी ‘थँक यू’ म्हणताना पाहिलं ते माझ्याकडे की घड्याळाकडे? डावीकडच्या मॅडम हसल्या, ते उत्तराला की उच्चाराला? चहाच्या टपरीवर यावर दोन तट पडतात. तेवढ्यात गावाकडून काकांचा फोन : ‘‘झाली ना मुलाखत? मग पोस्टिंग कुठं?’’ निकालाची पीडीएफ येईपर्यंत काकांनी परस्पर स्थळं बघून ठेवलेली असतात. एका ठिकाणी तर ‘मुलगा कलेक्टर आहे’ असं सांगूनही झालेलं असतं.