मान्यवर नाबाद

यंदाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या निवडीसाठी उगाच बैठका घेऊ नयेत. माणूस ठरलेला आहे. जुलैतल्या बुद्धिबळापासून फेब्रुवारीतल्या गॅदरिंगपर्यंत जेवढ्या म्हणून स्पर्धा झाल्या, त्यांत हा गडी एकदाही बाद झाला नाही. क्रिकेटमध्ये नाबाद, कबड्डीत प्रत्येक चढाई यशस्वी, रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी विजयी. वय पन्नाशीच्या पुढे, गणवेश पांढरा आणि कडक इस्त्रीचा, पायात चपला. सराव करताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. नाव प्रमुख पाहुणे.

कोणत्या कॉलेजचे, ते विचारू नका. अकोल्याहून अमरावतीकडे निघा आणि ज्या फाट्यावर चहा प्यावासा वाटेल तिथे उतरा. कमान दिसेल, कमानीच्या आत मैदान दिसेल, मैदानात मांडव दिसेल. पाहुणे तिथेच आहेत. माणूस दर वेळी वेगळा असतो, खेळ तोच. मी इंटर-कॉलेजचे सामने कुंपणाला टेकून पाहणारा माणूस. माझा मुलगा संघात नाही, पुतण्या नाही, मी पंचही नाही. ज्याला कुणी खुर्ची देत नाही आणि जो कुणाला खुर्ची मागत नाही, असा एक प्रेक्षक प्रत्येक मैदानाला असतो, तो मी. वर्षाचा आढावा वार्षिकांकातही येतो म्हणा. पण त्यातल्या क्रीडा विभागाच्या पानांवर खेळाडू हुडकावा लागतो. पाहुण्यांच्या कोपराखालून जो अर्धा चेहरा दिसतो, तो आमचा कॅप्टन.

क्रिकेटचं उद्घाटन घ्या. आदल्या दिवशी गोलंदाजाला ऑफिसात बोलावून समज दिलेली असते, "हळू टाक, स्टंपावर नको, अन् अंगावर तं बिलकूलच नको." गोलंदाज दर्यापूरकडचा, वर्षभर यॉर्कर घटवलेला पोट्टा. त्यानं खालच्या हातानं चेंडू सोडला. पाहुण्यांनी बॅट फिरवली, लागला नाही. पुन्हा सोडला, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी चेंडूनंच समजूतदारपणा दाखवला आणि बॅटीला येऊन लागला. निवेदकानं षटकार जाहीर केला तेव्हा चेंडू पॉइंटच्या अलीकडे हरळीत थांबला होता आणि तो उचलायला चार प्राध्यापक धावत होते.

गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा. पाहुण्यांच्या हाती देताना चारचाच निवडतात, आणि तोही छातीशी धरून फोटो झाला की शिपायाकडे परत जातो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष-महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो, आणि तेव्हापासून पाहुण्यांचं खो-खोवरही प्रेम बसलं. खो दिला की उठणाऱ्या गड्याच्या जागी आपण बसायचं असतं, एवढा एक नियम मात्र त्यांना कुणी आधी सांगितला नव्हता. पोरगी उठून पळाली, जागा रिकामी झाली, आणि तिथे मातीत बसायचं आहे हे कळल्यावर पाहुणे खांबाला टेकून उभे राहिले. तेवढ्यात कुणीतरी सोफा आणायला धावलं होतं.

पण यांचा खरा खेळ पाहावा तो कबड्डीत. आणि कबड्डी म्हणजे आमच्या वर्मावर बोट. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा हा खेळ जगाला करून दाखवला तो अमरावतीहून गेलेल्या पोरांनी. आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळायला १९९० चं बीजिंग उजाडावं लागलं. म्हणजे अर्धं शतक आधी आमच्या भागातली पोरं हा दम घेऊन समुद्र ओलांडून आली होती. त्या भागात आज कबड्डीची पहिली चढाई कोण करतं? गळ्यात झेंडूचा हार घातलेला गृहस्थ.

मैदान १३ बाय १० मीटरचं. रात्री आठपर्यंत बसून पीटीच्या सरांनी फक्की मारलेली. पाहुणे चपलेसकट मध्यरेषेवरून जातात आणि फक्की पुसत जातात. हार काढत नाहीत, कारण हार काढला तर फोटोत चढाई करणारा कोण आणि पाहुणा कोण ते कळायचं नाही. चढाईला ३० सेकंद असतात, पाहुण्यांना फोटोग्राफर "झालं साहेब" म्हणेपर्यंत. दम घुमवायचा असतो तिथे हे फोनवर बोलतात. हॅलो, कार्यक्रमात आहे, हॅलो, हो हो, कार्यक्रमात आहे. मात्र एक मान्य करावं लागेल, तेवढ्या बोलण्यात त्यांचा श्वास एकदाही तुटत नाही. समोर सात जणांची साखळी हातात हात धरून उभी, पण साखळी कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. चढाईत एकदा तरी निदानरेषा ओलांडावी लागते, नाही तर चढाई करणारा बाद, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पाहुणे मध्यरेषेपासून दोन पावलांवर थांबतात. नियमानं पाहिलं तर माणूस दर वर्षी बाद आहे. पंच शिट्टी फुंकतो आणि बोट वर करून गुण देतो. त्या पंचाचीही मला कीव येते, त्याचं मानधनाचं व्हाउचर अजून सही व्हायचं असतं.

माझी एकच इच्छा राहिली आहे. डावा कोपरा राखणाऱ्या पोट्ट्यानं एकदा घोटा धरावा. मुद्दाम नाही, रागानं नाही, सवयीनं. पहाटे पाचला उठून तीन वर्षं ज्यानं दुसरं काही केलंच नाही, त्याच्यासमोर पाय आला की हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. समजा गेला. समजा धरला. हार पुढे जाईल, पाहुणे मागे राहतील. फोन हातातून सुटून मध्यरेषेच्या पलीकडे पडेल, आणि फोन पलीकडे पोचला म्हणजे चढाई सुखरूप परतली असं धरायचं का, यावर पंचांत दोन तट पडतील. निवेदक एक क्षण गप्प होईल आणि मग म्हणेल, साहेबांनी मातीशी असलेलं नातं आज पुन्हा एकदा जपलं. प्राचार्य व्यासपीठावरून उतरतील, उतरता उतरता समिती नेमतील. समितीत एक रसायनशास्त्राचे, एक मराठीचे आणि एक ग्रंथपाल. तिघांपैकी कुणीच कधी कबड्डी खेळलेलं नाही, त्यामुळे समिती निःपक्ष. पहिला प्रश्न विचारला जाईल की घोटा धरण्यापूर्वी लेखी परवानगी घेतली होती काय. पोट्टा सांगेल, "सर, पाय आला तं धरला." हे उत्तर इतिवृत्तात असमाधानकारक म्हणून नोंदवलं जाईल. मग त्याच्या बापाला गावाहून बोलावतील. बाप वावरातून तसाच येईल आणि एवढंच विचारेल, "मंग त्यानं का धराव होतं, सर?" समिती या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी मुदतवाढ मागेल. शेवटी अहवाल येईल, की यापुढे उद्घाटनाच्या चढाईवेळी डावा कोपरा रिकामा ठेवावा. पुढच्या वर्षी खबरदारी म्हणून उजवाही. त्याच्या पुढच्या वर्षी सातही जण रेषेबाहेर बसतील, पाहुणे रिकाम्या मैदानात एकटे चढाई करतील, आणि गुणफलकावर त्यांच्या नावानं लोण लागेल. वार्षिकांकातल्या फोटोत काडीचा फरक पडणार नाही.

हसून झालं असेल तर पुढचं ऐका, कारण पाहुणे येतात तेव्हा घड्याळात काय वाजलेलं असतं ते कुठल्याच अहवालात येत नाही. पत्रिकेत सकाळी दहा छापलेलं असतं. पाहुणे येतात दीडला. तोवर पोट्ट्यांनी अंग गरम करायचं, थंड करायचं, पुन्हा गरम करायचं. ऑक्टोबरचं ऊन, अकोल्याचं. त्यातून तारखाही अशा काढायच्या की सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. घरी मजूर मिळत नाही, बापाच्या शिव्या खाऊन पोरगा दोन दिवसांसाठी निघून येतो, आणि त्यातला एक अख्खा दिवस सत्कार बघण्यात घालवतो. सत्कारात शाल, श्रीफळ, रोपटं. रोपटं घेतलेल्या माणसाकडून शेजारचा घेतो, शेजाऱ्याकडून शिपाई घेतो, आणि रोपटं पुढच्या सत्काराला परत येतं. मैदानावर एकूण जी धावाधाव होते तिच्यात सगळ्यात जास्त अंतर त्या रोपट्याचं भरेल.

मग वेळ उरत नाही. मग वीस-वीस मिनिटांचे डाव दहा-दहाचे होतात. साखळी सामने ठरलेले असतात, ते बाद पद्धतीनं उरकतात. वर्षभर घाम गाळलेला संघ वीस मिनिटांत घरी, आणि भाषण मात्र एकाचंही आखूड झालं नाही. भाषणांना कुणी बाद पद्धत लावत नाही. मुलींचा अंतिम सामना शेवटी ठेवतात, कारण मुली तक्रार करत नाहीत असा समज आहे. त्यांना कपडे बदलायला खोली नाही. खोली आहे, पण तिच्यात पाहुण्यांचा अल्पोपाहार मांडलेला आहे. मेळघाटातून आलेल्या पोरींची नजर चेंजिंग रूमवर नसते, घड्याळावर असते, कारण परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारी शेवटची गाडी कुणाच्या आभारप्रदर्शनासाठी थांबत नाही. दोन गडी बदली खेळाडूंना जागा देऊन मध्यंतरातच स्टँडकडे पळतात. हरलेल्या संघाचं विश्लेषण करताना मग सर म्हणतात, पोरींमध्ये जिद्द कमी पडली. जिद्द! अहो, ती पोरगी चार तास उन्हात बसून काजूकतलीच्या ताटल्या आत जाताना पाहत होती, हातात एक आलुबोंडा होता, आणि तरी ती उतरली, तरी तिनं पहिल्या चढाईत दोन गुण आणले. कोणाच्या जिद्दीचं मोजमाप कोण करून राह्यलं?

ट्रॅकसूट मार्चात आले. संघाच्या मॅनेजरचा सप्टेंबरात आला होता, त्याबद्दल अभिनंदन.

आणि आता खड्डे. मला शांतपणे यावर बोलता येत नाही, घरच्यांनीही हा विषय बंद केला आहे. पाहुणे आले की मांडव येतो, मांडव आला की खांब येतात, आणि खांब रोवायला जागा शोधतात ती नेमकी धावपट्टीवर. मैदान एवढं मोठं, पण व्यासपीठाला पूर्वेकडे तोंड हवं आणि पाहुण्यांच्या गाडीला सावली हवी, म्हणून आतल्या दोन लेन मांडवाच्या. खांब जातात, खड्डे राहतात. त्यात गवत वाढतं, दिसत नाहीत. दर वर्षी चारशे मीटरच्या वळणावर कुणाचा तरी पाय जातो आणि घोटा मुरगळतो. कबड्डीत जो घोटा धरायची कुणाची छाती होत नाही, तो तसाच शाबूत आपल्या गाडीत बसून गेलेला असतो, आणि हा मात्र एका खड्ड्यानं सहज टिपलेला असतो. बर्फ मागावा तर तो पाहुण्यांच्या पाण्याच्या जारभोवती संपलेला. मग हळद लावा.

चौकशी केली तर ऑफिसात विचारतात, खड्डा क्रीडा विभागाचा आहे की सांस्कृतिक विभागाचा? स्पर्धेच्या मांडवाचा असेल तर एक हेड, गॅदरिंगच्या मांडवाचा असेल तर दुसरा. खड्ड्यावर काही लिहिलेलं नसतं. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबराचा सलग पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. डांबराचा वास दोन्हीकडच्या वावरांत आला असेल. त्याच वऱ्हाडात, टोपलंभर मुरूम टाकून वरून पाय मारला की बुजेल असा खड्डा, तो कोणत्या हेडात बसतो ते ठरेना म्हणून वर्षानुवर्षं उघडा.

शेवटी मीच लेखी अर्ज दिला. मुरूम माझा, टोपलं माझं, मजुरीही माझी, फक्त सकाळी तासभर गेट उघडं ठेवा. अर्ज वाचून साहेब खुश झाले. म्हणाले, फारच स्तुत्य उपक्रम, याला प्रसिद्धी मिळाली पाहिजे. पहिलं टोपलं मान्यवरांच्या हस्ते टाकू, तारीख घेतो.

परवा मांडववाला येऊन जागा पाहून गेला. मला विचारत होता, भाऊ, खांब सोळा पुरतील की वीस रोवू?