ऑप्शनल इंग्लिश : एक परिचय

ऑप्शनल इंग्लिश म्हणजे इंग्रजी साहित्य हा बी.ए.ला इंग्रजी न वाचता पूर्ण करता येणारा विषय आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी तो चांगला रुजला आहे. गाव कापसाची मोठी बाजारपेठ. पाठ्यपुस्तकांची आवक मात्र बेताची असते.

विषयाचा इतिहास उलट्या दिशेचा आहे. भारतात इंग्रजी शिक्षणाची शिफारस करणारे मेकॉलेचे टिपण 1835 चे, तर ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याचा पदवी अभ्यासक्रम 1894 मध्ये मान्य केला. इंग्रजांनी आपले साहित्य आधी इथल्या मुलांवर वापरून पाहिले आणि कोणी दगावत नाही अशी खात्री पटल्यावर घरी नेले. सेलूत ते आणखी वळसा घेऊन आले. गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. पुढे 1958 मध्ये औरंगाबादला आणि 1994 मध्ये नांदेडला विद्यापीठ झाले. विद्यापीठ जवळजवळ येत गेले. शेक्सपिअर होता तिथेच राहिला.

पाठ्यवस्तूत हवामानाला महत्त्व असते. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देण्याचा विचार आहे. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जाणाऱ्या मुलखात अशा उपमेने ठरलेले लग्न मोडू शकते. शेलीचा पश्चिमेचा वारा पानगळ करतो; मराठवाड्यात त्याच बाजूकडे पेरणीसाठी डोळे लागलेले असतात. 1922 च्या ‘द वेस्ट लँड’मध्ये एलियटने एप्रिलवर काढलेला राग तेवढा वर्गाला लगेच पटतो, त्या महिन्यात टँकर सुरू होतात आणि परीक्षेचे वेळापत्रक लागते.

अध्यापनाचे टप्पे तीन. प्राध्यापक एक ओळ इंग्रजीत वाचतात, तिचा आशय मराठीत सांगतात आणि मग ‘लिहून घ्या’ म्हणतात. कविता पहिल्या टप्प्यात संपते. वर्ग तिसऱ्या टप्प्यात जागा होतो. तासाची वेळ एसटी ठरवते, हजेरी कापूसवेचणी ठरवते. प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतील तर त्यांचे साहित्यप्रेमही तासावर मोजले जाते. समीक्षेतला मूलभूत प्रश्न विद्यार्थीच विचारतात : “सर, इम्पॉर्टंट काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गाईड. हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का लावतो, याची कारणे त्यात क्रमांक घालून दिलेली असतात. विद्यार्थी ती पाठ करून पेपरात उतरवतो आणि या कामी हॅम्लेटइतका वेळ घेत नाही.

साहित्य समजण्यात मात्र अडचण नसते. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ 1883 मध्ये केले, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ 1890 मध्ये, आणि 1970 मध्ये शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने लिअरचे दुःख मराठी घरात आणून बसवले. हयातीतच वाटणी करून बसलेल्या म्हाताऱ्याचे पुढे काय होते, हे सेलूच्या पोराला शिकवावे लागत नाही; सातबाऱ्यावर नावे चढली की हा अंक गल्लीत सुरू होतो. पण हे त्याने स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले, तर व्याकरणाचे गुण कापले जातात. गाईडमधले उत्तर शुद्ध असते. दोन्हींतला फरक ओळखून तो गाईडकडे वळतो. अभ्यासक्रमाने त्याच्यात निर्माण केलेली ही सर्वांत पक्की समीक्षादृष्टी होय.

पदवीनंतर बहुतेक जण स्पर्धा परीक्षांच्या क्लासला जातात. तिथे इंग्रजी पुन्हा पहिल्यापासून, टेन्सपासून सुरू होते. उरलेले एम.ए., नेट-सेट करून तासिका तत्त्वावर रुजू होतात आणि ‘लिहून घ्या’ म्हणू लागतात. ऑनलाइन अर्जातला इंग्रजी मजकूर दोन्ही गटांना चौकातला नेट कॅफेवाला भरून देतो. त्याने ऑप्शनल इंग्लिश घेतलेले नसते.