तिसऱ्या हिश्शाची हिरवळ

मुंबईतील लालबाग-परळ आदी भागांतल्या कापडगिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन हिरव्या व लोकोपयोगी वस्तीत रूपांतरित करण्याचा जो शुभसंकल्प सरकारने 1991 साली विकास नियंत्रण नियमावलीच्या 58 व्या नियमात दफ्तरदाखल केला, त्यात एक हिस्सा महापालिकेच्या मोकळ्या जागेस, दुसरा म्हाडाच्या घरांस आणि तिसरा खुद्द मालकास, अशी वाटणी मुक्रर झाली होती. आणि ती इतकी न्याय्य होती, की ती टिकणे अशक्यच होते. 2001 साली दुरुस्ती निघाली, की वाटणी व्हावी ती केवळ बांधकामरहित जमिनीची. आता साचेखाते, सूतखाते, गोदामे यांनी खचाखच भरलेल्या आवारात बांधकामरहित असे काय उरते, हे त्रैराशिक न शिकलेल्यासही उमगावे. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले.

हिरवळ मात्र झाली, हे कबूल करणे प्राप्त आहे: गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत मोटारींचे पाच-सात मजले चढून गेल्यावर, तरणतलावाच्या काठी, गालिच्यासारखी कातरलेली, आणि देवडीवरच्या रखवालदाराच्या परवानगीवाचून पाहताही न येणारी. दाटीही यथासांग साधली. परिसरातल्या रेल्वे स्थानकांच्या पुलांवर ती रोज सकाळी फुकट पाहावयास मिळते.

राहिले ते 1982 च्या गिरणी संपात उतरलेले सुमारे अडीच लक्ष कामगार व त्यांचे वारस. त्यांच्यातील हजारोंसाठी अलीकडे शेलू-वांगणी येथे घरांची तजवीज सुचविण्यात आली. ही दोन्ही रेल्वे स्थानके मुंबईहून जाताना बदलापूरच्याही पुढे आहेत.