आत्याला बुद्ध्यंक सांगू नये
(मानसशास्त्रीय चाचण्यांचा पेपर घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन)

मानसशास्त्र घेऊन बीए करणाऱ्याला पहिली दोन वर्षं लोक एकच प्रश्न विचारतात, “म्हणजे आत्ता माझ्या मनात काय चाललंय ते तुला कळतंय?” तिसऱ्या वर्षी चाचण्यांचा पेपर घेतल्याची बातमी नातेवाइकांत पसरली की प्रश्न बदलतो. “आमच्या बंटीचं जरा बघतेस का?” प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या टप्प्यावर पोहोचलेल्यांसाठी आहे.

पहिली तयारी गणिताची. दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकून ज्यांनी आर्ट्सचा फॉर्म भरला, त्यांना हा पेपर नेमका शोधून काढतो. मुंबई विद्यापीठाने टीवायबीएच्या या पेपरच्या नावातच चाचण्यांना सांख्यिकी जोडून ठेवली होती, त्यामुळे फसवणूक झाल्याची तक्रारही करता येत नसे. सरासरी आणि प्रमाण विचलन यांच्याशी जमवून घ्यावं. केआर-२० नावाचं सूत्र दिसलं तर दचकू नये. कुडर आणि रिचर्डसन यांच्या १९३७ सालच्या लेखातलं ते विसावं सूत्र, म्हणून हे नाव. आधीची एकोणीस अभ्यासक्रमात नाहीत, याबद्दल कृतज्ञ असावं.

वर्षभरात एकाच तासाला जागं राहायचं ठरवलं असेल, तर तो तास विश्वसनीयता आणि यथार्थता यांचा निवडावा. मुलाच्या डोक्याचा घेर आज मोजला, उद्या मोजला, परवा मोजला तरी तोच आकडा येणार. म्हणजे माप विश्वसनीय. पण त्यावरून मुलगा गणितात नापास का होतो हे सांगायला गेलात की यथार्थता कोसळली. उदाहरण थट्टेचं वाटतं, पण बुद्धिमापनाचा जनक मानला जाणारा आल्फ्रेड बिने स्वतः शाळकरी मुलांची डोकी मोजत होता. त्यातून हाती काही लागेना, तेव्हा त्याने तो नाद सोडला आणि १९०५ मध्ये सिमोनच्या साथीने प्रश्नांची चाचणी काढली. पाठ्यपुस्तकात १९०५ हे साल ठळक असतं. आधीची डोकी सहसा गाळलेली असतात.

आता मुख्य कामाकडे वळू. प्रात्यक्षिकासाठी सब्जेक्ट लागतो. पुस्तकात त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात, पण कॉरिडॉरमध्ये “तुला प्रयुक्त मिळाला का?” असं विचारणारा अजून जन्माला यायचा आहे. चांगला सब्जेक्ट म्हणजे ज्याला चाचणीबद्दल काही माहीत नाही, आपल्याबद्दलही फारसं माहीत नाही, ज्याला तासभर दुसरं काम नाही आणि जो अर्ध्यावर उठून जात नाही. असा माणूस कॉलेजात सापडत नाही. सापडला तर त्याला एव्हाना वर्गातल्या निम्म्या मुलींनी वापरून झालेलं असतं, आणि रेव्हनच्या बुद्धिचाचणीचे साठही प्रश्न त्याला तोंडपाठ असतात. त्याचा निकाल जर्नलमध्ये लिहिताना ‘सरावाचा परिणाम’ हे शब्द हाताशी ठेवावेत. मोबदल्याचा दर वडापावपासून सुरू होतो आणि सबमिशनच्या आठवड्यात फ्रँकीपर्यंत चढतो.

बाहेर कोणीच मिळालं नाही तर घरचं माणूस घ्यावं लागतं. इथे विशेष खबरदारी हवी. समजा भाटियांची बुद्धिचाचणी आहे आणि समोर मावसभाऊ बसलाय. ठोकळे मांडून झाले, स्टॉपवॉच सुरू झालं. मॅन्युअल सांगतं की जागा शांत असावी. इथे कुकरची तिसरी शिट्टी होते. मॅन्युअल सांगतं की सूचना छापल्या शब्दांतच वाचाव्यात, मावशी दारातून म्हणते, “अरे, ती लाल बाजू वर घे ना!” मावसभाऊ लाल बाजू वर घेतो. आकृती पूर्ण होते, वेळही चोख भरते. आता ही बुद्धी कोणाची मोजली गेली, हा प्रश्न तात्त्विक असल्यामुळे जर्नलमध्ये उपस्थित करू नये. निरीक्षणाच्या रकान्यात ‘सब्जेक्ट सहकार्यशील होता’ एवढंच लिहावं. पिढ्यानपिढ्या सगळ्यांचे सब्जेक्ट सहकार्यशीलच होते. अंतर्निरीक्षण अहवालाचा मजकूरही ठरलेला आहे: ‘सुरुवातीला थोडं टेन्शन आलं होतं, पण नंतर मजा आली.’ यात बदल केल्यास मॅडम जर्नल खरोखर वाचायला लागतात.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या जरा नाजूक. अनेक प्रश्नावल्यांमध्ये एक असत्य-मापनी लपवलेली असते. मी कधीच रागावत नाही, कधीच उशीर करत नाही, दुसऱ्याबद्दल वाईट बोलत नाही, अशा धाटणीच्या सगळ्या विधानांना जो बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो, त्याची उत्तरं जपून वाचायची असतात. ही प्रश्नावली काकांना देऊ नये. दिलीच तर गुण त्यांच्यासमोर मोजू नयेत. मोजलेच तर “काका, तुमचे या भागात सगळ्यांत जास्त गुण आहेत” असं सांगावं आणि विषय बदलावा.

प्रक्षेपण चाचण्यांची हौस सगळ्यांनाच असते. हेरमान रोर्शाकने १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डं छापली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो गेला. त्या डागांत पाहणाऱ्याला काय दिसावं यावर पुढे शंभर वर्षं भांडण चालेल, हे त्याला पाहायला मिळालं नाही. बीएच्या विद्यार्थ्याला ही कार्डं लांबून दिसतात. तेवढंच पुरे. त्यांचा अर्थ लावायला पुढचं शिक्षण आणि सराव लागतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती बीएच्या पदवीवर होत नाही. होस्टेलच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागांवर हात साफ करायला मात्र कोणाची हरकत नाही.

व्यक्तिमत्त्वाचं वर्णन लिहायची वेळ आलीच, तर बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाचं स्मरण करावं. १९४८ मध्ये त्याने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती ‘तुमचं’ व्यक्तिमत्त्व ठेवलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं, तर सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर वाटला होता, आणि तो रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला होता. तेव्हा आपलं वर्णन वाचून सब्जेक्ट “अगदी मीच!” म्हणाला तर हुरळू नये. ज्योतिषाचीही नीट परीक्षा आपल्याकडे झालेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन, हुशार मुलांच्या कोणत्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कोणत्या, ते ओळखायला सांगितलं. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. हा प्रयोग यथार्थतेच्या उत्तरात जरूर लिहावा. आजीपुढे सांगताना बेताने सांगावा.

आणि आता आत्या. आत्या फोन करत नाही, थेट बंटीला घेऊनच येते. “जरा आयक्यू काढ बाई याचा.” योग्य उत्तर असं आहे की आत्या, मी विद्यार्थिनी आहे, माझा आकडा ग्राह्य नाही, रीतसर तपासणी करून घ्या. हे उत्तर आजवर कोणत्याही आत्याने स्वीकारलेलं नाही. अशा वेळी मापनाची प्रमाण त्रुटी मदतीला येते. प्रमाण विचलन १५, विश्वसनीयता ०.९१ धरली, तर त्रुटी येते साडेचार. समजा बंटीला १०४ आले.

“आत्या, पंच्याण्णव टक्के खात्रीने सांगायचं तर साधारण ९५ ते ११३ च्या मधे.”

“मधे म्हणजे? समोरच्या चिन्मयला सरळ १२६ आलाय!”

“त्याचेही असेच मागेपुढे असतील.”

आत्याचा चेहरा इथे पडतो आणि ती चहाकडे वळते. चाचण्यांचा अख्खा पेपर ज्यासाठी घ्यायचा, ती गोष्ट हीच. सुटा आकडा ऐकला की तोंडातून ‘अधिक-उणे किती?’ निघावं. ही खोड एकदा लागली की पुढे लग्नाच्या बोलणीतसुद्धा जात नाही, त्याला इलाज नाही.

तरीही बंटीला हुशार ठरवल्याशिवाय आत्या हलणारच नसेल, तर जुनी मानकं वापरावीत. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की दर दहा वर्षांत सरासरी बुद्ध्यंक साधारण तीन गुणांनी वर सरकत गेला. पुढे इतर अनेक देशांतही अशी वाढ आढळली. म्हणजे आजच्या मुलाला आजोबांच्या पिढीशी तोललं की तो आपोआप चमकतो. आपल्या कपाटांत यासाठी साहित्याची टंचाई नाही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली ती १९३० च्या दशकात. भाटियांचा संच १९५५ चा. तो उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलांवर प्रमाणित केलेला, आणि इथे ‘मुलांवर’ म्हणजे फक्त मुलग्यांवर. कामं दोघांचीही मोठी. त्या काळी परदेशी चाचणी तशीच उचलून वापरण्याऐवजी इथल्या मुलांपर्यंत जाऊन मानकं काढणं सोपं नव्हतं. ती मानकं आपण अजून वापरतो, हा त्यांचा दोष नव्हे.

याच ज्ञानाचा उपयोग व्हायवाला होतो. एक्स्टर्नल जर्नल चाळतात, मावसभावाच्या पानावर थांबतात आणि विचारतात, “या चाचणीची मर्यादा सांगा.” घशाला कोरड पडली तरी “सर, मानकं जुनी आहेत” एवढं म्हणावं. हे उत्तर जवळपास कोणत्याही चाचणीला लागू पडतं आणि कितीही वेळा विचारलं तरी तेच राहतं, म्हणजे विश्वसनीय आहे. यथार्थ आहे की नाही, ते मार्कशीट आल्यावर कळेल.