फाळक्याचे रबर

पिकअपच्या फाळक्यावर दोन्ही टोकांना रबराची बुटकी बटणे असतात. फाळका लावला की ती दाबली जातात, कडी ताणून धरतात आणि पत्र्यावर पत्रा आपटू देत नाहीत. एवढी जबाबदारी असूनही गाडी दाखवताना विक्रेता त्यांचा उल्लेख करत नाही.

चार्ल्स गुडइयर यांनी 1839 साली गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. ऊन, ओझोन आणि सांडलेले डिझेल यांनी ती मनावर घेतलेली नाही. रबर आधी कडक होते, मग त्याला चिरा पडतात. पुढे कांद्याची गोणी ओढताना ते निखळून पडते आणि बाजार समितीच्या चिखलात विलीन होते.

ते गेल्याचे कळते कानाला. फाळका खडखडू लागतो. यावरचा पहिला सर्वमान्य उपाय म्हणजे गाण्यांचा आवाज वाढवणे. दुसरा, दुकानात चौकशी. तिथे रबर सुटे मिळत नाही, पूर्ण किट घ्यावे लागते. तिसरा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधणे. हा पुढच्या गतिरोधकापर्यंत टिकतो.

दरम्यान आपटून रंग उडतो, उघड्या पत्र्याला गंज चढतो आणि बिजागरी सैल होते. मग वेल्डिंग, डेंटिंग आणि रंगकाम असा रीतसर खर्च होतो. तो झाल्यावर फाळका नव्यासारखा दिसतो. रबर बसवायचे तेवढे राहून जाते.