घरीच करणारे काका

न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरात मराठी कुटुंबं बरीच, आणि त्यांच्या प्रत्येक गोतावळ्यात एक तरी 'घरीच करू' काका सापडतात. निवृत्त इंजिनिअर, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशात दुकानाची कुपनं. सुनेनं पॅनकेकसाठी मेपल सिरपची बाटली आणली की काका आधी किंमत वाचतात, मग लेबल. मग दोन्ही घरादाराला वाचून दाखवतात.

"चाळीस लिटर रस आटवला की हातात येतं एक लिटर सिरप! रसात साखर जेमतेम दोन टक्के. महाग पडणारच." व्हरमाँटच्या बर्फात झाडांना भोकं पाडून नुकतेच परतल्यासारखा आवाज असतो. पुढे क्वेबेकचा राखीव साठा येतो. त्यातलं सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेल्याचं 2012 मध्ये उघडकीला आलं, ती हकीकत येते. तोवर पॅनकेक गार होतात.

बरं, स्वस्तातली बाटली आणावी?

"ती मक्याची साखर! वरून कॅरॅमलचा रंग नि वास. त्यापेक्षा मी घरी करतो."

आणि करतात. दोन वाट्या ब्राउन शुगर, एक वाटी पाणी, लिंबाचे चार थेंब. लिंबानं थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, म्हणून बाटलीत पाक पुन्हा साखरत नाही, असं ते काकूंना समजावतात. काकू लग्न झाल्यापासून गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळत आल्या आहेत. त्या ऐकून घेतात. पाक एकतारीच्या जरा आधी उतरवायचा, हेही त्यांना दोन बोटांत कळतं. काकांनी त्यासाठी खास थर्मामीटर मागवला आहे.

खरी मजा वासाची. 2005 पासून मॅनहॅटनमध्ये अधूनमधून मेपल सिरपचा दरवळ सुटायचा आणि लोक हैराण होऊन फोन करायचे. 2009 मध्ये छडा लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची. मेथीतल्या सोटोलॉन नावाच्या द्रव्याला मेपलसारखा वास येतो, आणि नकली सिरपमध्ये मेथीचा अर्क वापरतातही.

हे वाचल्यावर काका थांबणार कसे? चमचाभर मेथी पुरली असती, त्यांनी वाटीभर भाजून पाकात उकळली. घरभर व्हरमाँट दरवळलं. जिभेवर मात्र मेथीच्या लाडवातली कडू बाजू तेवढी आली. नातवानं पॅनकेक कोरडाच खाल्ला. काकूंनी लोणच्यासाठी मेथीचा डबा उघडला, तर तळ दिसला.

दुसऱ्या घाण्याला मेथी चिमूटभर पडली आणि सिरप खरोखर जमलं. गणपतीच्या जेवणाला काका चार बाटल्या आणि छापील हिशोब घेऊन आले: साखर, लिंबू, गॅस, एकूण बचत.

"थर्मामीटर कुठे धरलाय?" काकूंनी विचारलं.

"तो भांडवली खर्च," काका म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळले.