थोरल्यांची मान

मी बोलत असताना मान डोलावणारा श्रोता मला आयुष्यात एकच मिळाला, आणि तो सरडा निघाला.

घरात माणसं नाहीत असं नाही. पण मी तोंड उघडलं की बायको मिक्सर लावते, मुलगी कानात ते पांढरे मणी घालते आणि आई माझं वाक्य निम्म्यावर आलं की "ते राहू दे, दूध उतू जातंय का बघ" म्हणते. अशा घरात संध्याकाळी गॅलरीत बसून आपण मराठी ललितलेखनाच्या ऱ्हासावर बोलावं आणि समोरच्या हिरव्या, काटेरी पाठीच्या जीवाने दर दोन वाक्यांना मान वर-खाली करावी, हे सुख काय असतं ते लिहिणाऱ्यालाच कळेल. एखाद्या वाक्याला तो असा दणकून डोलायचा की मी ते वाक्य टिपून ठेवायचो. त्यातली काही याही लेखात आली आहेत, ओळखू येतील.

हा इग्वाना आमच्याकडे आला तो बी विंगमधून. तिथल्या चिरंजीवांच्या वाढदिवसाला हौसेने आणलेला. तेव्हा वीतभर, पोपटी आणि गोड होता म्हणे. नाव ठेवलं थॉर. पुढे हौस आटली आणि शेपटी वाढत गेली. "तुमचा चिमण्यांवरचा लेख वाचला होता," वडील मला लिफ्टमध्ये म्हणाले, "तुम्हाला मुक्या प्राण्यांची भाषा कळते." माझा लेख वाचलेला माणूस ठाण्यात राहतो हेच मला ठाऊक नव्हतं. तळमजला यायच्या आत मी होकार देऊन बसलो होतो. पाणघोडा असता तरी दिला असता.

आईने 'थॉर' हे नाव एकदा ऐकून घेतलं आणि त्याचं 'थोरले' करून टाकलं. तेच टिकलं.

थोरले माशांच्या काचेच्या टाकीतून आले. "कसा धष्टपुष्ट झालाय बघा," वडील मांड्या दाखवून म्हणाले. मांड्या खरोखरच पैलवानी होत्या. फक्त त्यांच्यावर त्याला उभं राहता येत नव्हतं. पोट फरशीला टेकवून तो स्वतःला ओढत न्यायचा, बोटं मधूनच थरथरायची, आणि खालचा जबडा सुजल्यामुळे तोंडावर कायम मंद हसू असायचं. ते हसू मला बघून येतं, असं मी पहिले काही दिवस घरात सांगत होतो.

सरड्याला हात लावणारी एक तरुण डॉक्टरीणबाई मोठ्या शोधाने सापडली. तिने त्याचा जबडा अंगठ्याने हलकेच दाबला. जबडा दबला. हाडाने दबायचं नसतं, एवढं शरीरशास्त्र मलाही येतं.

मग तिने मला सावकाश समजावलं, प्रत्येक वाक्याला "काका" लावून. (ती चाळिशीच्या जवळची असावी. माझे केस अजून पुष्कळ काळे आहेत. असो.) उन्हातला यूव्हीबी हा भाग कातडीवर पडला की इग्वानाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. रक्ताला तर कॅल्शियम हवंच, हृदय चालवायचं असतं. मग शरीर ते हाडांतून उकरून काढतं आणि मोकळ्या जागी नुसते तंतू भरतं. त्या पैलवानी मांड्या म्हणजे ही भरती. टाकी खिडकीशी होती, ऊन आत छान पडायचं, फोटो सुरेख यायचे. पण काच यूव्हीबी अडवते. खायला रोज पालक, पौष्टिक म्हणून. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. वर रात्रंदिवस एसी. अंग तापल्याशिवाय या जातीला अन्न पचत नाही. शेकायच्या जागी पस्तीसेक अंशांची ऊब लागते. म्हणजे उपाशी कोणी ठेवलं नव्हतं, मारलंही नव्हतं. सगळं कौतुकानेच चाललं होतं.

एक्स-रे आईने खिडकीशी धरून पाहिला. हाडं दिसायला हवीत तिथे धुरकट रेघा. "माझ्या मनगटाचा फोटो असाच होता," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चहा घेऊन आली ती हातात तिची आठवड्याची ड जीवनसत्त्वाची पुडी घेऊनच. ६०,००० युनिटची. "अर्धी दे त्याला. दुधातून घेतात." मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या फोनवर किंचाळल्या. एवढं ड जीवनसत्त्व त्याच्या पोटात गेलं तर कॅल्शियम हाडांत जायचं सोडून काळजात आणि मूत्रपिंडांत साचेल. आईला हे पटलं नाही. तिच्या मते डॉक्टर हल्ली सगळ्यांनाच कमी औषध देतात.

उपचार म्हणजे सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात कॅल्शियमचं सिरप, डोक्यावर यूव्हीबीची नळी (ती दिसायला पेटलेली असते, पण आतला यूव्हीबी काही महिन्यांत संपतो, म्हणून तिच्यावर तारीख लिहायची), सकाळचं उघडं ऊन आणि कोमट पाण्याची अंघोळ. कोमट पाण्यात बसवलं की इग्वानाचं पोट साफ होतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरातला कोणता टब घ्यायचा नाही, हे सांगितलं नव्हतं. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढे दिवस मिक्सरही बंद होता.

जेवणाचा प्रश्न सोसायटीच्या शेवग्याने सोडवला. पाला कोवळा आणि कॅल्शियमने भरलेला. जास्वंदीवरून मात्र पेच पडला. थोरल्यांना जास्वंदीचं फूल जीव की प्राण आणि कुंडीतलं झाड आईच्या गणपतीचं. वाटाघाटींनंतर तोडगा निघाला: फूल आधी देवाला, दुपारी निर्माल्य थोरल्यांना. आमच्याकडे निर्माल्य विसर्जनाला जायचं बंद झालं.

आणि हवा! मे महिन्यात ठाण्यात माणूस नुसता बसून भिजतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांवर वाकलेल्या झाडांतला हा प्राणी. त्या चिकचिकीत तो असा सुखावला की वर्षानुवर्षं उकाड्याला शिव्या देणारे आम्ही त्याच्यासमोर जरा हळू देऊ लागलो.

एका सकाळी थोरले माझ्या चष्म्यावर शिंकले. काच वाळल्यावर पांढरे ठिपके उमटले. मला सर्दी दिसली, आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर टाकली, मी फोन लावला. "काका, ते मीठ आहे. जास्तीचं मीठ ते नाकातून फेकतात."

त्यानंतर काही दिवसांनी ते चढले. पालथ्या मुठीवरून मनगट, दंड, खांदा, आणि तिथे न थांबता डोकं. जो प्राणी फरशीवरून पोट उचलू शकत नव्हता तो माझ्या टाळूवर उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काही नखांमुळे, पण सगळं नव्हे. आणि नेमकं हे समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी पाहिलं.

"अहो, सरड चढला की तुमच्या अंगावर! पंचांग बघा आधी."

आता पंचांगात पल्लीपतनाचा तक्ता असतो, हे मी लहानपणापासून जाणून होतो. अंगावर पाल कुठे पडली की काय फळ मिळतं, ते त्यात अवयववार दिलेलं असतं. आमच्या वाड्यात कुणाच्या अंगावर पाल पडली की किंचाळी आधी आणि पंचांग लगेच मागे, असा क्रम असे. पुरुषाला उजवी बाजू चांगली, बाईला डावी. त्यामुळे बरोबर मध्ये, नाकावर वगैरे पडली की घरात दोन पक्ष पडत. पण शास्त्रकारांची खरी कमाल अशी की त्यांनी पालीचं पडणं आणि सरड्याचं चढणं ही दोन वेगळी प्रकरणं धरली आहेत. पल्लीपतन आणि सरटारोहण. पाल वरून येते, सरडा खालून. हे निरीक्षण प्राणिशास्त्रज्ञालाही मान खाली घालायला लावील. (या वाक्याला थोरले दोनदा डोलले होते.) तेव्हा माझी केस सरटारोहणाची, इथवर एकमत झालं. पुढे अडलं.

पहिला मुद्दा काकूंच्या यजमानांनी काढला. ते निवृत्त झाले ते कोर्टातून. सरडा आपण होऊन चढला तर ते आरोहण. मी हात पुढे केला होता. म्हणजे त्याला माझी संमती, किंबहुना चिथावणी होती. मग फळ मला मिळणार की त्याला? दुसरा मुद्दा हद्दीचा: हा सरडा अमेरिकेतला. आपल्या शास्त्राचा अंमल समुद्रापार चालतो का? त्यावर तळमजल्याच्या गुरुजींनी, सरडा कुठलाही असो, डोकं ठाण्याचं आहे, असा निवाडा दिला. मला तो अजून बिनतोड वाटतो. तिसरा मुद्दा आकाराचा. तक्ता बोटभर प्राण्याच्या हिशेबाने केलेला. थोरल्यांचं तोंड माझ्या कपाळावर, पोट टाळूवर, मागचे पाय मानेवर आणि शेपटी पाठीवरून थेट कमरेपर्यंत. एकाच वेळी पाच अवयव! फळांची बेरीज करायची की सरासरी काढायची? बेरीज केली तर, गुरुजींनी बोटं मोजून सांगितलं, सकाळी धनलाभ, दुपारी कलह आणि संध्याकाळपर्यंत प्रवास. मी म्हटलं, हे रोजच घडतं, धनलाभ सोडून. परिहार म्हणून वस्त्रांसह स्नान सांगण्यात आलं. काकूंनी त्याहून पक्का उपाय सुचवला: कांचीपुरमला वरदराज पेरुमाळांच्या देवळात छतापाशी सोन्याची आणि रुप्याची पाल आहे, तिला हात लावला की पालीचे सगळे दोष जातात. लोक खरोखरच रांग लावून लावतात. "पण तिथे पालीचे दोष जातात," यजमान म्हणाले, "यांचा सरड्याचा आहे." ठाण्याहून कांचीपुरमचं भाडं बघून मी वस्त्रांसह स्नान पत्करलं. नाहीतरी वस्त्रं धुवायचीच होती, कारण थोरल्यांनी उतरायच्या आधी कोमट पाण्याची वाट पाहिली नव्हती.

थोरल्यांच्या टाळूवर एक बारीक फिकट ठिपका आहे. तो तिसरा डोळा. त्याला आकार दिसत नाहीत, पण उजेड आणि सावली कळते. वरून ससाण्याची सावली पडली की जीव सावध. म्हणून त्याला वरून उचलायचं नाही. बी विंगमध्ये त्याला कायम वरूनच उचलत. टाकीचं झाकण तिकडेच होतं.

मला राग येतो तो इथे. आपण 'मुका प्राणी' म्हणतो त्यात कुत्राही धरतो. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना रात्री दोन वाजता कुणी मुकं म्हणून दाखवावं. मांजर दुखलं-खुपलं तर घर डोक्यावर घेतं. इग्वानाला आवाजच नाही. फार तर फुसकारतो, तेही अंगात बळ असलं तर. त्याची हाडं विरघळत होती आणि त्याने काय केलं? तो स्वस्थ बसला. त्या स्वस्थपणाला ती माणसं 'शांत स्वभाव' म्हणत होती. 'अजिबात त्रास नाही हो त्याचा!' ओरडता आलं असतं तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी डॉक्टर गाठला असता. दुकानदाराने वीतभर पिल्लू विकताना ते दीड मीटरपर्यंत वाढतं आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकतं, हे सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाने विचारलंही नव्हतं. आपली घोरपड घरात ठेवली तर सरळ गुन्हा. हे परदेशी पाहुणे मात्र परवापरवापर्यंत कागदाशिवाय येत-जात होते. २०२२ साली वन्यजीव कायदा बदलला, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, तेव्हा कुठे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मालकांना आपले इग्वाने जाहीर करावे लागले. मीही अर्ज भरला. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, गाडी बँकेच्या. माझ्या नावावर सरडा.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने थोरल्यांच्या मान डोलावण्याचा व्हिडिओ दाखवला. मागे माझा आवाज होता, विषय ललितलेखन. त्यांनी तो पूर्ण पाहिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"काका, नर आहे तो. गळ्याखालची झालर फुगवून मान हलवतोय ना, म्हणजे ही जागा माझी आहे, तू नीघ, असं सांगतोय."

"इतके दिवस?"

"तुम्ही जात नाही ना. पण चांगलं लक्षण आहे. आता शेपटी मारायला लागला की बरा झाला समजा."

मी गॅलरीत बोलायचं बंद केलं नाही. तो हुसकावत असला तरी निदान ऐकल्यानंतर हुसकावतो. घरात तेवढंही होत नाही.

परवा बी विंगमधले वडील आणि चिरंजीव बघायला आले. मुलगा आता हायस्कुलात आहे. तो दारातच थांबला. थोरल्यांनी मान वळवली, झालर फुगवली आणि मान वर-खाली सुरू केली, भराभर.

"बाबा, त्याने मला ओळखलं!"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ओळखणारच."

"माया लागते हो जनावराला," असं म्हणत वडिलांनी फोन डाव्या हातात धरला आणि उजवा थोरल्यांना कुशीत घ्यायला पुढे केला. वरून. सटकन आवाज झाला. फोन कुंडीत पडला.

मी आत धावलो. आईला वाटलं हळद आणायला. मी फोन लावला.

"डॉक्टर, शेपटी मारली!"

"जोरात?"

"वळ उठलाय."

"तुम्हाला?"

"नाही, आधीच्या मालकांना."

पलीकडे क्षणभर आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "उत्तम. कॅल्शियम आता एक दिवसाआड द्या."